लिंबावरचा सुलतान

"तो नको गं, वाळका आहे तो," असं म्हणत यामनानं त्या तरुण बाईच्या हाताखालून पिंजरा ओढून घेतला.

मेकनेस शहरातल्या मसाला बाजारात हाजी बनासरच्या दुकानामागे यामनाची बसायची जागा होती. हाजी जिरं, धूप, जडीबुटी विकायचा. रंग बदलणारे घोयरे सरडे सांभाळायचं काम यामनाचं. गिऱ्हाईक सगळ्या बायकाच. नवऱ्याचा संशय आला की घोयरा न्यायचा आणि पेटत्या शेगडीत टाकायचा. फट्‌कन फुटला तर नवरा बाहेरख्याली. नुसताच विरघळला तर नवरा धुतल्या तांदळासारखा.

आता गंमत अशी, की कुणाचा फुटणार हे यामनाला आधीच ठाऊक असायचं. तहानलेला, भेदरून काळा पडलेला सरडा आगीत आक्रसून विरघळतो. फुटतो तो पाणी पिऊन, किडे खाऊन टरारलेला. म्हणजे नवऱ्यांच्या अब्रूचा निकाल तिच्या पिंजऱ्यातच लागायचा! पण तिनं कधी लबाडी केली नव्हती. अगदीच मरायला टेकलेला तेवढा सोडून, हाताला येईल तो सरडा ती देऊन टाकायची.

"वाळका का असेना मावशी, जाळायचाच तर आहे," बाई म्हणाली आणि तिनं बाही मागे सारली. मनगटावर सोन्याच्या सात बारीक बांगड्या किणकिणल्या. त्यातली एक चेपलेली.

यामनानं ती लगेच ओळखली. नवी नवरी असताना विहिरीच्या कठड्यावर हात आपटून ती बांगडी तिनंच चेपवली होती. पुढे मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं, इद्रिसनं, तिला सोडलं. काय चुकलं माझं, म्हणून उंबऱ्याबाहेर उभी राहून ती विचारत राहिली, तर त्यानं दार लोटून घेतलं. त्याआधी बांगड्या काढून घेतल्या. निघेनात, तेव्हा मनगटाला साबण चोळला त्या मेल्यानं. शीळ वाजवत!

"नाव काय गं तुझं?"

"गिझलान."

"आणि नवरा काय करतो?"

"बस चालवतो. इद्रिस. हल्ली रोज उशिरा येतो. अझरूची फेरी वाढवलीय म्हणतो. खरंही असेल हो मावशी, चांगला आहे तो. पण आई म्हणते, एकदा खात्री करून घे."

फेरी खरोखरच वाढवली होती. यामनाचा शेजारी हम्मू त्याच बसवर कंडक्टर होता आणि रोज त्या फेरीच्या नावानं बोटं मोडत घरी यायचा. या खेपेला इद्रिसचा काडीचाही दोष नव्हता.

"उद्या ये," यामना म्हणाली. "तुझ्यासाठी खास आणते."

दुकानातले सगळे सरडे नुकतेच आलेले, प्रवासानं सुकलेले. त्यांना अंगी लागेपर्यंत खाऊ घालायला महिना गेला असता, आणि गिझलानचा संशय काही तेवढा टिकणारा नव्हता. टरारलेला एकच होता. तो यामनाच्या अंगणात, कुंडीतल्या लिंबावर राहायचा. सुलतान.

करंगळीएवढा असताना हाजीनं 'हा मरणारच' म्हणून टाकून दिला होता त्याला. यामनानं जगवला. घोयरा वाटीतलं पाणी पीत नाही, म्हणून ती सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी शिंपडायची आणि तो थेंब चाटायचा. कोवळं ऊन द्यायची, कडक झालं की सावली. मांजर, आरसा, दुसरा सरडा, काही म्हणून त्याच्या नजरेस पडू द्यायची नाही. वरून तर कधीच धरायची नाही, कारण वरून झडप घालतो तो ससाणा. हात खालून धरायचा आणि वाट बघायची. फार दिवस वाट बघितल्यावर एकदा तो आपणहून तळहातावर चढला होता, हिरवागार, निवांत. त्या दिवशी यामना हमसून हमसून रडली होती.

आज तिनं त्याला पोटभर नाकतोडे घातले. पानं पुन्हा पुन्हा भिजवली. "पी रे राजा," ती म्हणाली. त्याला द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण साबणाचा तो बुळबुळीत स्पर्श अजून मनगटावर होता. इद्रिसनंही एकदा उंबऱ्याबाहेर उभं राहावं, काय चुकलं माझं म्हणून विचारावं, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सुलतानला फांदीसकट टोपलीत घालून दिलं. "शुक्रवारी जाळायचा, तोवर फांदीवरच असू दे. टीव्हीपासून लांब ठेव. पानांवर पाणी शिंपड. उगाच हाताळू नकोस, कुणाला दाखवत बसू नकोस. काढताना हात खालून धर, तो आपला आपण येईल."

गिझलान हसली. "जाळायच्या जिवाचे एवढे लाड?"

"भेदरलेला सरडा खोटं बोलतो."

टोपली बाजारातल्या गर्दीत दिसेनाशी झाली. सुलतान तोवर हिरवाच होता.

शनिवारी गिझलान आली ती डोळे सुजवून. "फुटला, मावशी! निखारे भिंतीपर्यंत उडाले. भावांनी हाकललं त्याला. माझ्या बापाचं घर आहे, म्हटलं, नीघ!" मग नाक पुसत म्हणाली, "आणि तुम्ही सांगितलं तस्साच आला हो हातावर. आपणहून."

यामना मान खाली घालून पिंजरे पुसत राहिली.

त्याच संध्याकाळी तिचं दार वाजलं. हातातला तांब्या तसाच घेऊन तिनं दार उघडलं, तर इद्रिस. बोचकं काखोटीला, दाढी वाढलेली.

"यामना, हम्मूकडे आलो होतो, तो नाही घरी. आजची रात्र पडू दे गं अंगणात. देवाशपथ, मी काही केलं नाही! काय चुकलं माझं?"

तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तू काहीच केलं नाहीस."

"मग चल की, सांग त्यांना! कुठल्या सटवीनं तो सरडा दिला कोण जाणे..." बोलता बोलता त्याची नजर तिच्या हातातल्या पाण्याच्या तांब्यावर, मागच्या लिंबाच्या ताज्या तुटलेल्या फांदीवर गेली. तसलीच फांदी त्यानं घरी शेगडीपाशी पडलेली पाहिली होती.

यामनानं दार लोटलं, कडी घातली. बाहेर तो दार बडवू लागला. बडव म्हणावं.

दिवेलागणीला पाणी शिंपडायची तिची रोजची सवय. तिनं लिंबावर ओंजळभर पाणी मारलं आणि हात खालून धरला. पानांच्या टोकांवर थेंब जमले, थोडा वेळ लोंबले आणि कुंडीतल्या मातीत पडले.