काळ्या कागदाखालचा माणूस

संग्रहालयाच्या फोटोंच्या खोलीत शेपूटमास्तर एरवी तासन्‌तास हलायचे नाहीत. नुसतं शेपूट बघून विमान ओळखतात म्हणून हे नाव पडलेलं, आणि त्याचा त्यांना मनातून भारी अभिमान. जगाच्या पाठीवर एखाद-दुसरंच बनलेलं विमान असलं, तरी धुरकट फोटोवरून ते छातीठोकपणे सांगायचे. फोटोत माणसं असली की त्यांच्यावर आधी काळ्या कागदाचा तुकडा ठेवायचे. माणसांमुळे नजर भरकटते, असं त्यांचं म्हणणं.

आज प्रदर्शनासाठी एक जुना फोटो काढताना तो तुकडा गळून पडला आणि खालचा मेकॅनिक दिसला. हसतमुख, बाह्या सरसावलेला. शर्टाचा खिसा उजव्या छातीवर.

मास्तरांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. पुरुषांच्या शर्टाला खिसा डावीकडे असतो. म्हणजे फोटोच उलटा छापला होता.

दोन वर्षांपूर्वी शाळेत शिकवणाऱ्या एक बाई हा फोटो घेऊन आल्या होत्या. विमान कंपनीच्या रद्दीत सापडलेला, मागे फोटो काढल्याच्या तारखेचा शिक्का. मेकॅनिक म्हणजे त्यांचे वडील. बाई तीन वर्षांच्या असताना त्याच तारखेला ते कामावर गेले आणि परतलेच नाहीत. तसली विमानं बनली दोनच. पहिल्याचं दार डावीकडे. शिक्क्यावरच्याच दिवशी ते आतल्या सगळ्यांसकट जळालं. कोण कोण आत होतं, त्याची नोंदही उरली नाही. दुसऱ्याचं दार उजवीकडे. ते त्याआधीच परदेशी विकलं गेलेलं. फोटोत दार उजवीकडे होतं. मास्तरांनी मिनिटभरात निकाल दिला होता, "दुसरं. त्या दिवशी तुमचे वडील समुद्रापलीकडे होते, सुखरूप."

"म्हणजे आम्हाला टाकून गेले," एवढंच बाई म्हणाल्या होत्या, फोटोही परत नेला नव्हता. आणि हा शहाणा माणूस त्यांना शेपटाची गोलाई समजावत बसला होता.

आता मास्तरांना बसवेना. टेबलाला चार फेऱ्या मारल्या, फोटो पाकिटात घातला, काढला, पुन्हा घातला. बसमध्ये दोनदा जागा बदलली आणि एक थांबा आधीच उतरून चालत सुटले. सांगायचं तरी काय? वडील टाकून गेले नाहीत, जळून गेले? ही बातमी चांगली की वाईट, ते त्यांनाच ठरवता येईना.

दार बाईंच्या आईने उघडलं; मास्तरांनी संग्रहालयातून आल्याचं सांगितलं. पंच्याऐंशीच्या पुढची, ताठ कण्याची म्हातारी. खिडकीपाशी शिवणयंत्र, त्यावर अर्धवट शिवलेलं उशीचं कव्हर.

"विमानवाले ना तुम्ही? मुलगी शाळेतून येईलच आता. बसा."

"मावशी, माझी चूक झाली," मास्तर उभ्याउभ्याच म्हणाले. "फोटो उलटा आहे. ते पहिलं विमान."

म्हातारीने फोटो हातात घेतला आणि त्या खिशावर अंगठा ठेवला.

"माहीत आहे. मुलीने घरी दाखवला तेव्हाच ओळखलं," ती म्हणाली. "हा शर्ट मीच शिवलाय. यांचा खिसा मी उजवीकडे कशाला लावेन?"

मास्तरांनी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"इतकी वर्षं डोळे मिटले की मला आगच दिसायची. तुम्ही मुलीला अगदी खात्रीने सांगितलंत, हे कुठेतरी लांब आहेत म्हणून. खोटं आहे हे कळत होतं हो. पण झोप लागायला लागली. म्हटलं, राहू देत थोडे दिवस जिवंत."

मास्तरांना रडू आवरेना. त्यांनी खिशात रुमाल शोधला, सापडला नाही.

"मुलीला मात्र आजच सांगा," म्हातारी म्हणाली. "बापाला नाही नाही ते बोलते. मला ते ऐकवत नाही, आणि खरं काय ते माझ्या तोंडून निघत नाही."

जिन्यावर चपला वाजल्या. मास्तर खुर्ची ओढून बसले आणि फोटो टेबलावर ठेवला, माणूस नीट दिसेल असा.