खंडेनवमीचं ऊन

मी एक जुना पाण्याचा फिल्टर आहे, मित्रांनो. हे वाचून तुमच्या डोळ्यांपुढे भिंतीवर टांगलेला चकचकीत डबा आला असेल, तर तो आधी बाजूला ठेवा. मी तसा नाही. हातभर लांबीची पारदर्शक नळी आणि तिच्या पोटात पांढऱ्याशुभ्र धाग्यांची एक जुडी, एवढाच माझा जीव. सध्या माझा मुक्काम जळकोटला, धुरपदाबाईंच्या घरात, देवळीखालच्या एका पितळी पातेल्यात आहे. पातेल्यात पाणी असतं. त्या पाण्याचा मला आता काडीचा उपयोग नाही. तरी ते तिथे का आहे, हे तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझा जन्म पुण्याच्या एका प्रयोगशाळेत झाला. निकिता नावाची मुलगी तिथे पोकळ धाग्यांवर संशोधन करत होती. घट्ट पाकासारखं एक द्रावण ती बारीक तोंडातून खाली सोडायची. बाहेरून पाकाची धार आणि तिच्या मधोमध पाण्याची धार, अशा दोन्ही एकदम टबातल्या पाण्यात उतरायच्या. पाण्यात पडताच पाक गोठायचा आणि आतून पोकळ असा लांबलचक धागा तयार व्हायचा. धाग्याच्या भिंतीला इतकी सूक्ष्म भोकं, की पाणी आत शिरेल, पण गाळ आणि रोगजंतू बाहेर राहतील. असे पुष्कळ धागे एकत्र बांधले, की झालो मी.

जन्मलो तो पाण्यात, वाढलो तोही पाण्यात. आमच्यासारख्यांना कोरडं पडू द्यायचं नसतं. वाळलो की आमची भोकं आक्रसतात, अंग कडक होतं आणि धागे तडकतात. प्रयोगशाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तिथे ते कोणी कोणाला सांगत नसे. मासा पाण्याबाहेर ठेवू नये, असं कोणी कोणाला सांगतं का?

माझ्यासोबत एक बहीणही होती. तिला मी काचताई म्हणायचो. केसाएवढ्या बारीक काचतंतूंची ती जोडी. त्यांतून उजेड पाण्यासारखा वाहतो. माझ्यातून गाळून आलेल्या पाण्यात एक तंतू उजेड सोडायचा आणि दुसरा डोळा लावून बसायचा. पाणी गढूळ असलं, की उजेड गाळावर आपटून विखुरतो. तो विखुरलेला उजेड दिसला, की काचताई लाल दिवा लावायची. काहीच दिसलं नाही, तर पाणी चांगलं, आणि दिवा हिरवा. स्वभावाने ती माझ्यापेक्षा कडक. थोडा गाळ सुटला तरी माझी गय करायची नाही.

निकिताने आम्हा दोघांना बनवलं ते तिच्या आबांसाठी. आबा म्हणजे तिच्या आईचे वडील, धुरपदाबाईंचे नवरे हरिबा. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. आदल्या वर्षी त्यांना जबर कावीळ झाली होती. त्यातून उठले, पण लिव्हर पार खंगलं होतं. उमरग्याच्या डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्टच सांगितलं होतं, की पुन्हा वाईट पाणी पोटात गेलं, तर हे शरीर सोसायचं नाही. उकळून गार केलेलंच पाणी द्या.

पण हरिबा कसले ऐकतात! उकळलेल्या पाण्याचा तांब्या पुढे आला, की ते तोंड फिरवायचे. "उकळल्यालं पानी म्हंजी मेल्यालं पानी," असं म्हणायचे आणि आजीची पाठ वळली, की विहिरीवर जाऊन ओंजळ लावायचे. आता या माणसाला बांधून थोडंच ठेवता येतं! म्हणून मग मी आलो.

निकिताने मला ओसरीतल्या पिंपाला जोडलं, खाली तोटी बसवली आणि आजीला सगळं समजावून सांगितलं. आठवड्याला टोपण उघडायचं, जुडी पाण्याच्या टबात हलकेच हिसळायची, गाळ झटकायचा आणि लगेच परत आत ठेवायची. हिरवा दिवा म्हणजे प्यायचं, लाल म्हणजे नाही. शेवटी म्हणाली, "आजी, याला फक्त स्वच्छ ठेव. बाकी काही बघायला नको."

धुरपदाबाईंनी मान डोलावली. स्वच्छतेच्या बाबतीत त्या कोणाला हार जाणाऱ्या नव्हत्या.

हरिबांनी माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. धाग्यांची जुडी बघून त्यांना हसू फुटलं. "अगं, ह्यो तर शेवयाचा पुडा हाय! पुण्याला जाऊन पोरीनं शेवया केल्या व्हय?"

"आबा, आधी पिऊन तर बघा," निकिता म्हणाली.

ते प्यायले. तांब्या खाली ठेवला आणि मिशा पुसल्या. "ह्ये पानी जित्तं हाय," असं म्हणून त्यांनी दुसरा तांब्या भरून घेतला. मित्रांनो, तेव्हा मला झालेला आनंद अजून विसरता येत नाही. पुढे प्रयोगशाळेत माझ्यावर बरंच काही लिहिलं गेलं म्हणे. पण मला मिळालेली खरी शाबासकी तेवढीच.

मग माझे चांगले दिवस सुरू झाले. मेंढरं वाड्यात कोंडून हरिबा आले, की आधी माझ्यासमोर बसायचे. घोंगडी खाली टाकायची, तोटी सोडायची आणि धारेकडे बघत राहायचं. शेजारपाजारच्या बाया घागर घेऊन यायच्या. त्यांना धुरपदाबाई मोठ्या तोऱ्यात सांगायच्या, "माझ्या नातीनं केलाय. हिरवा दिवा दिसला का न्हाय? मंग भरा." हरिबांचं पोट सुधारलं, भूक परतली आणि बायकोची थट्टा करण्याइतकी ताकदही आली. आजी म्हणायची, "ह्या शेवयानं माझं कुंकू राखलं." आणि दर आठवड्याला मला टबात घालताना असा हात लावायची, की जणू न्हाऊ घातलेलं लेकरूच. मला ती फार आवडायची. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिच्यावर रागवाल आणि ते मला चालणार नाही.

नवरात्र आलं. घट बसले. नवव्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा असते, हे तुम्हाला माहीतच आहे. ज्याच्या जिवावर घर चालतं, त्याला एक दिवस कामातून सुटी द्यायची आणि नमस्कार करायचा. कुऱ्हाड, विळा, मेंढरं कातरायची कातर, तिचा मुलगा श्रीमंत गॅरेजवर वापरायचा ते पाने, सगळं आजीने अंगणात काढलं. घासलं, धुतलं आणि उन्हात मांडलं. अवजार ओलं ठेवायचं नाही. ओलं राहिलं की गंज चढतो. ही शिकवण तिला सासूकडून आली होती.

मग ती ओसरीत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"तू बी ये रे बाबा," ती म्हणाली. "तुझ्यावाचून कुनाची पूजा करू?"

तिने मला उघडलं, चांगल्या पाण्याने धुतलं आणि अंगणातल्या बाजेवर हरिबांचं धुतलेलं धोतर अंथरून त्यावर पसरलं. शेवया वाळत घालतात, अगदी तशीच धाग्यांची जुडी हाताने मोकळी केली. कावळ्याने चोच मारू नये म्हणून स्वतः शेजारी बसून राहिली. पावसाळा संपल्यानंतरचं ते कडक ऊन. दुपार कलेपर्यंत माझं अंग न् अंग खडखडीत वाळलं. मी ओरडत होतो, पण आमची हाक माणसांना कुठे ऐकू येते! अधूनमधून ती मला उलटं करायची, म्हणजे दुसरी बाजूही नीट वाळावी.

मग पाटावर आम्हा सगळ्यांना मांडलं. हळद वाहिली, झेंडू वाहिला. माझं आणि काचताईचं काम पाण्यातलं. तेव्हा कुंकू धुऊन जाऊ नये म्हणून आजीने आधी मेण लावलं, कपाळाला लावतात तसं, आणि त्यावर कुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं. माझं बोट टोपणावर पडलं. काचताईचं पडलं नेमकं तिच्या बघणाऱ्या डोळ्यावर.

त्या क्षणापासून माझी बहीण आंधळी झाली. तिला विखुरलेला उजेड दिसेना. आणि काही दिसलं नाही म्हणजे पाणी चांगलं, असंच तर तिला शिकवलं होतं.

दसऱ्याला मला परत जोडलं. माझे कितीतरी धागे मुळाशी तडकले होते. विहिरीचं पाणी त्या फटींतून सरळ खाली उतरू लागलं आणि धार पूर्वीपेक्षा मोठी झाली. हिरवा दिवा शांतपणे जळत होता. आजीचा चेहरा फुलला. "बघा, पूजा केल्यापसनं कसं झरझर येतंय!"

हरिबांनी नेहमीप्रमाणे घोंगडी टाकली आणि तांब्या भरला. मी सगळी ताकद लावून ते पाणी अडवायला पाहिलं. पण तडकलेल्या अंगाने काय अडवणार? ते प्यायले, मिशा पुसल्या आणि माझ्याकडे बघून हसले.

दिवाळीच्या आधीच त्यांचे डोळे पिवळे झाले. श्रीमंतने त्यांना उमरग्याला नेलं. सलाईन लागली, इंजेक्शनं झाली. दवाखान्यातलं पाणी त्यांना नको होतं. "घरचं आन, निकीच्या शेवयाचं आन," असा त्यांनी हट्ट धरला. आणि धुरपदाबाई रोज सकाळी माझ्या तोटीखाली कॅन धरून उभी राहायची. हिरवा दिवा बघायची, हात जोडायची आणि कॅन घेऊन एसटी पकडायची.

हरिबा परत आले ते रुग्णवाहिकेतून, पांढऱ्या कापडात.

निकिता पुण्याहून आली. दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी घर सामसूम असताना ती ओसरीत माझ्यापुढे बसली आणि तिने मला उघडलं. धागे हातात घेतले, तर ते काडीसारखे मोडले. तिने काचताईला उजेडाकडे धरलं. डोळ्यावरचं कुंकू नखाने खरवडलं आणि तिला परत पाण्यात सोडलं. हिरवा दिवा गेला. लाल लागला.

ती कितीतरी वेळ त्या दिव्याकडे बघत राहिली. मग दार वाजलं, तशी तिने झटकन दिव्याचा सेल काढून टाकला.

"काय झालं गं? त्याचं काय बिघाडलं व्हतं का?" आजीने विचारलं.

"नाही आजी. जुना झाला होता. याचं आयुष्यच तेवढं असतं."

"आमी बराबर ठिवला न्हाय का?"

"लई चांगला ठेवलास तू," निकिता म्हणाली आणि तोंड फिरवलं. ती खोटं बोलली, मित्रांनो. पण त्या घरात तेव्हा खरं बोलायला जागाच नव्हती.

मला माळ्यावर ठेवलं गेलं. हिवाळा सरला, उन्हाळाही सरत आला. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर निकिता पुन्हा आली, हातात माझाच एक धाकटा भाऊ घेऊन. आता तो आजीसाठी होता. तिने तो जोडला, तोटी बसवली आणि समजावू लागली. या वेळी तिला सगळं सांगावंच लागणार होतं. न सांगून चालणार नव्हतं.

"आजी, याला कधी कोरडं पडू द्यायचं नाही. कायम पाण्यात राहिला पाहिजे. उन्हात तर अजिबात..."

आणि ती थांबली. पण तोवर शब्द निघून गेला होता.

धुरपदाबाई काही खुळी नव्हती. ती जागच्या जागी खाली बसली. अंगणातल्या बाजेकडे तिने पाहिलं.

"त्याला म्या वाळवलं व्हतं," ती म्हणाली.

"आजी, मी तुला सांगितलंच नव्हतं गं. मला सांगायला पाहिजे होतं. चूक माझी आहे, तुझी नाही."

आजीने ते ऐकलंच नाही. "मरताना बी त्यांनी ह्येचंच पानी मागितलं. कॅन भरभरून म्या न्हेलं. म्या माझ्या हातानं पाजलं." ती रडली नाही. निकिता मात्र तिच्या मांडीत डोकं खुपसून लहान मुलीसारखी रडली. आजी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली आणि तिचे डोळे कोरडेच राहिले.

त्याच संध्याकाळी तिने मला माळ्यावरून खाली काढलं. धूळ पुसली, पितळी पातेलं घासलं, त्यात मला ठेवलं आणि वरून पाणी ओतलं, मी पुरता बुडेपर्यंत. तेव्हापासून रोज सकाळी ती हे पाणी बदलते. हळद नाही, कुंकू नाही, नुसतं पाणी. निकिताने एकदा सांगून पाहिलं, "आजी, तो आता परत नीट व्हायचा नाही." आजी म्हणाली, "म्हाईत हाय, बाय." आणि पातेलं भरायला उठली.

मित्रांनो, मी बिघडलो तो दुर्लक्षामुळे नाही. मला या घराने जीव लावला होता. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कोणावर माया कराल तेव्हा त्याला काय सोसतं, हे विचारून घ्या. आणि तुम्हाला ते ठाऊक असेल, तर समोरच्याला माहीत असेलच असं धरून चालू नका. तोंडाने सांगा, वेळेवर सांगा.

आज सकाळीही आजी आली. जुनं पाणी तुळशीला घातलं आणि ताजं भरलं. मग वाकून हळूच विचारलं, "पुरं का रं, एवढं?"

पुरे आहे, आजी. केव्हाच पुरे झालं. पण माझी हाक तिला ऐकू येत नाही आणि ती अजून थोडं पाणी ओतते.