एकाच भिंतीचा फोटो

मला 'बस' म्हणू नका, मित्रांनो, मला बसता येत नाही. मी एक जुनी तिवई आहे. कॅमेरा ज्या तीन लाकडी पायांवर उभा राहतो, ते पाय म्हणजे मी. एक पाय चिरलेला, दोन खिळखिळे, पितळी स्क्रू काळे पडलेले. उभं राहून राहून जीव शिणलाय, तरी सांगते.

पुण्याच्या एका सुताराने मला सागवानातून घडवलं. एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे मी वीस वर्षं राबले. जुन्नर भागात लेण्यांचे, किल्ल्यांचे फोटो काढायला तो आला की वली कागदी त्याचं सामान वाहायचा. वलीच्या घरी पिढ्यानपिढ्या हाताने कागद करायचे. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि त्यांचा धंदा बसला. मग चाळिशी उलटल्यावर हा बाबा मला खांद्यावर घेऊन डोंगर चढता चढता फोटोग्राफी शिकला.

म्हातारा त्याला सांगायचा, "वली, इमारत हलत नाही, ऊन हलतं. तू फक्त उन्हाची वाट बघ." त्याची नजर गेली तेव्हा त्याने कॅमेरा आणि मला वलीच्या हवाली केलं. फोटो बघून लोक कॅमेऱ्याला हात लावून बघायचे. माझ्याकडे ढुंकूनही कोणी बघायचं नाही. राबायचं मी आणि मिरवायचं त्यानं, हे ठरलेलंच.

१९०८ साली वलीला स्वतःचं असं पहिलं काम मिळालं. आंबेगावच्या बाजूला घोड नदीवर पूल व्हायचा होता. ठेकेदाराला दगड हवे होते आणि नदीकाठी महादेवाचं एक पडीक देऊळ होतं. तिथे दिवा लावायला चिमाबाई गुरवीण तेवढी जायची. फोटोत कोरीवकाम दिसलं तर देऊळ राखू, नाहीतर दगड पुलाला, असं सरकारी कचेरीने वलीला कळवलं.

वलीने गावात निरोप धाडला. "सोमवारी फोटो काढायला येतो. देऊळ चांगलं दिसलं पाहिजे."

गावाने निरोप अगदी मनावर घेतला. लग्नघराला देतात तसा चारी भिंतींना दोनदा चुना दिला. हत्ती, हंस, नाचणाऱ्या बाया सगळ्या त्याखाली गडप. आम्ही पोचलो तर चिमाबाई हातावरचा चुना खरवडत उभी.

"वलीभाऊ, आता दिसंल का न्हाई चांगलं?" तिने विचारलं.

वलीने समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून हात फिरवला. पाव्हणा म्हणून गावाने त्याला पिठलं-भाकरी वाढली होती. "लई चांगलं दिसतंय, मावशी," असं तो म्हणाला आणि भर दुपारी फोटो घेतला. मला तेव्हाच त्याचा राग आला होता. भिडेपायी माणसं काय काय घालवून बसतात.

कागदावर उमटला तो नुसता पांढरा ठोकळा. कचेरीची मुदत संपत होती, म्हणून वलीने तोच पाठवला. उत्तर आलं की बांधकाम साधं दिसतं, आठ दिवसांत दुसरा फोटो आला तर विचार करू.

वली तडक गावी गेला आणि चिमाबाईला खरं ते सांगितलं. ती रडली-भेकली नाही. नारळाची शेंडी घेऊन उठली.

"आठ दिसांत चारी भिंती व्हायच्या न्हाईत," ती म्हणाली. "समदी मानसं ज्वारीच्या काढनीला गेल्यात."

"दक्षिणेची तेवढी घासा, मावशी. सकाळचं तिरपं ऊन तिच्यावरच येतं. फोटोत तीच दिसणार."

"आन बाकीच्या?"

"त्या मागनं बघू, सावकाश."

सहा दिवस ती एकटी घासत होती. बोटं सोलवटली. सातव्या सकाळी ऊन भिंतीवर आडवं पडलं आणि एकेक हत्ती उठून दिसला. पण फरशी ओली होती आणि माझा चिरलेला पाय सरकायला लागला. फोटो उमटवायची एकच काच वलीकडे उरली होती. चिमाबाई मटकन खाली बसली आणि तिने माझा पाय दोन्ही हातांनी गच्च धरला. वलीने कॅमेऱ्याचं झाकण काढून तीस आकडे मोजले. मला आयुष्यात कोणी धरलं असेल तर तिनेच.

फोटो असा आला की हंसाची पिसं मोजून घ्यावीत. वलीला वाटलं, जिंकलो. मलाही वाटलं.

महिन्याने हुकूम आला. दुसऱ्या फोटोतली कोरीव भिंत राखावी. बाकी बांधकाम पहिल्या फोटोप्रमाणे साधं आहे, ते दगड पुलाला घ्यावेत.

वली मला आणि कॅमेऱ्याला घेऊन कचेरीत तीनदा गेला. साहेब दौऱ्यावर, कारकून म्हणतो अर्ज करा. सरकारी काम आणि सहा महिने थांब. ठेकेदार मात्र थांबला नाही. आम्ही गावी पोचलो तेव्हा पहारी चालल्या होत्या. पहार बसली की चुन्याचा पापुद्रा गळायचा आणि खालून घोडे, वादक, वेली दिसायच्या. दक्षिणेपेक्षाही सुंदर काम होतं ते. गडी क्षणभर थबकायचे आणि पुन्हा पहार घालायचे.

चिमाबाई बाजूला उभी होती. वली जवळ गेला तेव्हा ती हळूच म्हणाली, "भाऊ, पहिल्याच दिशी खरं म्हनला असतास तर मी चारी घासल्या असत्या."

वलीने त्यानंतर पुष्कळ फोटो काढले, पण आधी प्रत्येक इमारतीला पूर्ण फेरी मारल्याशिवाय मला कधी उभं केलं नाही. आता तोही नाही. मी कोपऱ्यात पडून आहे, वाळवीने एक पाय पोखरलाय. मला जपा असं मी म्हणत नाही, माझं झालं जगून. पण जुनं काही राखायला निघालात, मित्रांनो, तर चारी बाजूंनी फिरून बघा. आम्ही एकाच बाजूला उभे राहिलो, आणि तेवढीच उरली.