गाळलेली ओळ

मत्सर हे पाप आहे, हे औषधवाल्या बाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यावर त्यांनी स्वतःच एक मनन लिहिलं होतं, चांगलं दीड पानी, आणि ते चर्चच्या वार्षिक पुस्तिकेत छापूनही आलं होतं. लिहिलं तेव्हा मत्सर कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून तर इतकं छान जमलं.

आठवडाभर त्या औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभ्या असत आणि शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत, लिहिणाऱ्यांच्या गटात बसत. खोली रविवारच्या शाळेची, त्यामुळे खुर्च्या पोरांच्या. भली भली माणसं गुडघे हनुवटीला लावून देवाबद्दल बोलत. गटाचा नियम एकच होता: आपलं लिहिलेलं आपण वाचायचं नाही. सगळ्यांचे कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे, हाताला येईल तो काढायचा आणि दुसऱ्याचे शब्द आपल्या तोंडाने वाचायचे. ज्याचं असेल त्याने गप्प ऐकायचं. लिहिणाऱ्याचा गर्व जिरावा म्हणून चर्चच्या पाळकांनी ही रीत घातली होती. बाई अकरा वर्षं गप्प ऐकत होत्या आणि त्यांचा गर्व दर शनिवारी बोटभर वाढत होता. दिवसाला एक मनन अशा त्या पुस्तिकेचं पहिलं पान, वर्षाच्या पहिल्या दिवसाचं, दरवर्षी त्यांचंच असे.

लाँड्रीवालीला गटात त्यांनीच आणलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. ती दवाखान्याच्या लाँड्रीत कामाला होती, सोड्याने हात फुटले म्हणून मलम घ्यायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, "ताई, चादरीवरचा डाग बघून मला कळतं, माणूस घरी चालत गेला की नेला." बाईंना कौतुक वाटलं. कौतुक करायला काय जातंय, समोरची आपल्यापेक्षा लहान आहे तोवर! "लिहीत जा गं तू," त्या मोठेपणाने म्हणाल्या. "शनिवारी ये, मी शिकवीन."

शिकवायचं काही राहिलंच नव्हतं. तिसऱ्या महिन्यात तिचा कागद डब्यातून नेमका बाईंच्या हाती आला. लाँड्रीच्या पावत्यांच्या पाठीवर, पेन्सिलीने लिहिलेला. "आमच्याकडे रोज चारशे चादरी येतात," अशी सुरुवात होती. "ही चादर कोणाची, असं गरम पाणी विचारत नाही." आणि पुढे एक ओळ: "मशीन उघडलं की जन्मलेल्याची आणि गेलेल्याची चादर एकमेकींना पीळ घालून बाहेर येतात, मी त्या सोडवत बसते, आणि मला वाटतं, देवाचं कामही असंच चालत असणार."

 अकरा वर्षांत बाईंना अशी एक ओळ सुचली नव्हती, आणि हिला ती ओल्या हातांनी सुचली होती.

मग त्यांनी जे केलं ते त्या गटाखेरीज कुठे करताच आलं नसतं. त्यांनी ते वाईट वाचलं. घाईघाईने, पूर्णविराम खात, तक्रारअर्ज वाचावा तसं. पिळाची ओळ तर अशी गिळली की पुढच्या खुर्चीपर्यंतही पोचली नाही. इतकं करूनही वाचून झालं तेव्हा पाळक चष्मा पुसत बसले. पुढच्या महिन्यात पाळकांनी सांगून टाकलं, यंदाचं पहिलं पान लाँड्रीवालीचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात बाईंनी.

घरी येऊन त्यांनी गट सोडत असल्याचा कागद लिहिला. दुकानाचं काम वाढलंय, डोळे थकलेत, प्रभूने इतकी वर्षं इथे सांभाळलं, वगैरे. नवऱ्याने तो वाचला. बाईंचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि बायकोची कुरकुर लांबून ओळखायचा.

"डोळे थकलेत हे खरंय," तो म्हणाला. "एकाच बाईकडे बघून बघून."

"मला कोणाचं काही नाही."

"नाही कसं? झोपेत चादरी बडबडतेस."

हे खोटं नव्हतं. ती ओळ त्यांना पाठ झाली होती. गोळ्यांची पाकिटं रचताना, भाजी चिरताना ती आपोआप तोंडात यायची. नावडत्या पाहुण्यासारखी उठायचं नावच घेत नव्हती.

निरोपाचा कागदही रीतीप्रमाणे डब्यातच जायचा. शनिवारी तो लाँड्रीवालीच्या हाती आला. देवालाही कधी कधी खोड्या सुचतात.

तिने तो वाचला. हळू वाचला, प्रत्येक पूर्णविरामाला थांबून, एकही शब्द न सांडता. "डोळे थकलेत," इथे तिचा आवाज असा भरून आला की मागे कोणीतरी नाक ओढलं. बाईंचं धडधडीत खोटं तिच्या तोंडून खरं झालं होतं. माझं खोटंही हिच्या तोंडीच शोभतं, असं बाईंच्या मनात आलं आणि त्याचाही त्यांना राग आला.

प्रार्थना झाली, माणसं पांगली. लाँड्रीवाली दाराशी थांबली होती. तिच्या हातात छापखान्यातून तपासायला आलेलं पान होतं.

"ताई, जाण्याआधी एवढं एकदा बघता? सोमवारी छापायला जायचंय. तुमची नजर फिरली की मला धीर येतो."

बाईंनी पान घेतलं. चारशे चादरी होत्या. गरम पाणी होतं. त्यानंतर एकदम आमेन होतं.

"इथलं एक वाक्य कुठे गेलं?"

"ते होय?" ती ओशाळून हसली. "तुम्ही वाचत होतात तेव्हा ते तुमच्या तोंडात अडकलं. म्हटलं, ताईंना अडकलं म्हणजे माझंच चुकलं असणार. काढून टाकलं."

"आणि पहिला कागद?"

"फाडला. आता तर आठवतही नाही मला. काहीतरी पिळाचं होतं."

ती ओळ आता जगात एकाच माणसाला ठाऊक होती. बाई गप्प राहिल्या असत्या तर कोणाला कळलं नसतं. देवाला कळलं असतं, पण त्याच्याकडून बोलावणं यायला वेळ असतो. बाई खरोखर गप्प राहिल्या, चांगला मिनिटभर. त्या मिनिटात त्यांना फार बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं त्यांना सहन होईना.

"अडकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी मुद्दाम गिळलं."

"का हो ताई?"

"मला सुचलं नाही म्हणून. डोळे ठणठणीत आहेत माझे. मी तुझ्यामुळे चाललेय."

 बाई परत पोरांच्या खुर्चीवर बसल्या, निरोपाचा कागद मागून घेतला आणि त्याच्या पाठीवर ती ओळ लिहिली, स्वल्पविरामांसकट. कुठेही अडल्या नाहीत.

"मग आता नका ना जाऊ," लाँड्रीवाली म्हणाली. 

"जाणारच. इथे राहिले तर तुझं पुढचंही गिळीन."

तिने कागद हातात घेतला आणि दोनदा वाचला. बाईंच्या वळणदार अक्षरात ती ओळ अगदी बाईंचीच दिसत होती.

"हे मी लिहिलं होतं?" तिने विचारलं.

बाईंनी चपला पायात सरकवल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "तूच."