प्रांतपालांच्या हस्ते

आमच्या क्लबात मला सेक्रेटरी केलं ते माझं अक्षर चांगलं म्हणून. समाजसेवेची आवड आहे का, हे कोणी विचारलं नाही. साथ क्लब, बदलापूर पश्चिम. सभासद सव्वीस, मीटिंगला येणारे अकरा, आणि नंतर जेवण असलं तर बावन्न.

अध्यक्ष कैलासशेठ. त्यांचं हेंद्रेपाड्यात टाइल्सचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, मागितलं तर देतो. फक्त देताना फोटो निघाला पाहिजे, आणि फोटोत देणारा हात मोठ्या माणसाचा पाहिजे. क्लबात मोठा माणूस म्हणजे प्रांतपाल. पन्नासेक क्लबांवरचा हा साहेब वर्षातून एकदा प्रत्येक क्लबाला भेट देतो. त्या दिवशी कैलासशेठ गळ्यात बिल्ल्यांचा पट्टा घालतात, टेबलावरची घंटा वाजवतात आणि वर्षभराची सेवा एका संध्याकाळी उरकतात. कोणाला काही द्यायचं असलं तर तोवर राखून ठेवायचं, पाहुणे येणार म्हणून श्रीखंड झाकून ठेवतात तसं.

यंदा भेट ठरली नऊ नोव्हेंबरला, रविवारी संध्याकाळी पाचला. मुख्य कार्यक्रम, भिमाबाईंना व्हीलचेअर.

भिमाबाई शेठच्या दुकानामागच्या गल्लीत राहते. खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून सात महिने घरातच आहे. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून दोन पावलं टाकते, पण रिक्षा जिथे थांबते तिथवर साठ पावलं आहेत, आणि गल्लीत रिक्षा शिरत नाही. उचलून नेतो म्हटलं की ती म्हणते, "चौघांनी उचलायला मी मेले का अजून?"

गुरुवारी तिची सून माया माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आली.

"जयभीम मॅडम. ती खुर्ची रविवारी सकाळी मिळंल का?"

"कार्यक्रम संध्याकाळी आहे गं."

"तोच तर घोळ झालाय ना मॅडम."

घोळ असा होता. भिमाबाई आणि अंबरनाथची गोदू यांनी एका काडेपेटीच्या कारखान्यात बावीस वर्षं एका टेबलावर पॅकिंग केलं. कारखाना बंद झाला, नवरे गेले, मैत्री राहिली. आता गोदूच्या डोळ्यांना अंधुक दिसतं, एकटी बाहेर पडत नाही. तिचा मुलगा वरद तिला सांगलीला कायमचा घेऊन चालला होता. निघायची वेळ रविवारी दुपारी तीन. दोघींचं वय बहात्तर. पुन्हा भेट होईल असं दोघींपैकी एकीलाही वाटत नव्हतं.

"रोज विचारतात, खुर्ची आली का," माया म्हणाली. "मी काय सांगू? आलीय, पण पाचनंतर आहे?"

मी तशीच उठून कैलासशेठच्या दुकानात गेले. व्हीलचेअर शोरूममध्ये दोन कमोडच्या मधे उभी होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, वर गुलाबी रिबिनीचा बो. उल्हासनगरहून येऊन तिला तीन आठवडे झाले होते.

"शेठ, ही रविवारी सकाळी द्या. संध्याकाळी परत आणू, मग करा तुमचा समारंभ."

"अंजनीताई, काय बोलता. वापरलेली वस्तू प्रांतपालांच्या हस्ते देऊ? इज्जत का सवाल है."

"तिची मैत्रीण तीनला चाललीय."

शेठनी मनापासून विचार केला. "असं करा, त्या मैत्रिणीलाच पाचच्या कार्यक्रमाला बोलवा. नाश्ता आहे आपल्याकडे."

माझं डोकं सणकलं. पण शेठशी भांडून उपयोग नसतो, ते भांडणात चहा मागवतात. ते फक्त एका गोष्टीला घाबरतात, प्रांताच्या अहवालाच्या फॉर्मला. मागच्या वर्षी त्यातले तीन रकाने रिकामे राहिले म्हणून आमची ढाल अंबरनाथच्या क्लबाला गेली, ते दुःख त्यांना अजून आहे.

"रकाना अकरा," मी म्हणाले. "वस्तू लाभार्थ्यास योग्य असल्याची खात्री केली काय?"

असा रकाना खरोखरच आहे. आम्ही तो न वाचता 'होय' लिहितो. मे महिन्यात स्वेटर वाटले तेव्हाही 'होय'च लिहिलं होतं.

शेठचा चेहरा उतरला. "म्हणजे बसवून बघावं लागेल?"

"बसवून, चालवून. बाहेरच्या रस्त्यावर."

शेवटी तडजोड झाली. एक तास. प्लास्टिक काढायचं नाही, रिबिन सोडायची नाही, आणि शेठ स्वतः बरोबर येणार.

रविवारी नऊला भिमाबाई निळी साडी नेसून तयार होती. खुर्चीत बसली तसं प्लास्टिक कचकचलं. गल्लीतून बाहेर येताना तिने प्रत्येक दारापुढे थांबायला लावलं. कोणाचा रंग नवा, कोणाची खिडकी मोठी झाली, कोणाकडे सून आली, सात महिन्यांचा हिशेब तिने साठ पावलांत चुकता केला. तोवर शेठचा अर्धा तास संपला.

पुढे टाइल्सचा टेम्पो होता. भिमाबाई आणि मी ड्रायव्हरशेजारी बसलो. मागे माया आणि खुर्ची, आणि खुर्चीला ओरखडा पडू नये म्हणून तिला दोन्ही हातांनी कवटाळून बसलेले अध्यक्ष. अंबरनाथपर्यंत ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं असेल, शेठना कुठेतरी भरती करायला नेतायत.

गोदूच्या खोलीत बांधाबांध झाली होती. ती पलंगावर बसून होती. भिमाबाईची खुर्ची तिच्यापुढे नेली तेव्हा तिने आधी हाताने चेहरा चाचपला.

"केवढी वाळलीस गं, भिमे."

"तू कुठं पैलवान झालीस."

मग गोदूने मिठी मारली आणि दचकून मागे झाली. "हे काय? तुला पार्सल करून आणलंय का?"

"आजी, ते संध्याकाळी उघडायचंय," शेठ अदबीने म्हणाले.

"ती संध्याकाळी उघडंल रे बाबा, मी तीनला चालले."

दोघी हात धरून बसल्या, आणि जरा हलल्या की मधे प्लास्टिक वाजायचं. तीन-चार वेळा वाजलं. मग शेठनी खिशातून दुकानाच्या किल्ल्या काढल्या आणि किल्लीने प्लास्टिक टराटरा फाडलं. "गरम होत असेल त्यांना," ते मला म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

त्यानंतर दोघींना कारखान्याचं गेट बघायचं होतं. खुर्ची गोदूने ढकलायची, हा तिचा हट्ट. मी ढकलते म्हटलं तर म्हणाली, "बावीस वर्षं हिचं काम मीच पुढं ढकललंय." तिला रस्ता दिसत नव्हता, म्हणून भिमाबाई बसल्या जागेवरून हुकूम सोडत होती. डावीकडं. थांब, कुत्रं आहे. आता सरळ. सरळ म्हणता म्हणता दोघी गटाराच्या चिखलात गेल्या. मागून शेठ रुमाल घेऊन धावले आणि चाक पुसायला खाली बसले. गेटपाशी आता सतरा मजली इमारत आहे. वॉचमनने हटकलं तेव्हा भिमाबाई त्याला म्हणाली, "आम्ही इथं तुझ्या आधी कामाला होतो."

तासाचे पावणेसहा तास झाले. पावणेतीनला वरद गाडी घेऊन आला. गोदूने भिमाबाईच्या केसांवरून हात फिरवला, एकदा नाही, बराच वेळ. भिमाबाई म्हणाली, "जा आता. पोरगा खोळंबलाय." गाडी वळल्यावर मात्र तिने पदर तोंडात कोंबला. मी रडले, हे सांगायला मला लाज नाही. शेठ पलीकडे तोंड करून चाक पुसत होते. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

पाच वाजता हॉलखाली पोचलो आणि मी कपाळावर हात मारला. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. व्हीलचेअर घ्यायला येणारी बाई दोन जिने चढून येईल, असं आम्ही अकरा शहाण्यांनी चार मीटिंगांत ठरवलं होतं. भिमाबाईने उचलून घ्यायला साफ नकार दिला. शेवटी प्रांतपाल, बॅनर आणि माइक असं सगळं खाली फुटपाथवर आलं. मी रिबिन नव्याने बांधली. भिमाबाई खुर्चीतच बसलेली होती, तेव्हा प्रांतपालांनी तिला खुर्ची दिली म्हणजे तिच्यापुढे दोन्ही हात पसरले. फोटो निघाला.

मग त्यांनी वाकून विचारलं, "आजी, आता खुर्ची मिळाली. सगळ्यात आधी कुठे जाणार?"

याचं उत्तर शेठनी टेम्पोतून उतरताना पढवलं होतं. विहारात जाणार म्हणायचं. माइक भिमाबाईच्या तोंडासमोर गेला.

"जायचं होतं तिथं सकाळीच जाऊन आले," ती म्हणाली. "माझी गोदू तीनला गेली सांगलीला. तुमची वाट बघत बसले असते तर खुर्ची मिळाली असती साहेब, गोदू नसती मिळाली."

प्रांतपालांनी कैलासशेठकडे पाहिलं. "सकाळी द्यायचं कोणी ठरवलं? तुम्ही?"

अशा वेळी शेठ काय म्हणतात ते मला पाठ आहे. मी जमिनीकडे बघत राहिले.

"नाही सर," शेठ म्हणाले. "मी नको म्हटलं होतं. तुमच्या हस्ते द्यायचं म्हणून ठेवली होती."

हळू आवाजात, पण माइक चालूच होता, प्रांतपालांनी विचारलं, "माझ्या हस्ते म्हणून अजून काय काय ठेवलंय?"

शेठनी पट्टा सावरला. "जास्त नाही सर. एक पाणपोई आहे स्टेशनजवळ. कूलर बसवलाय, नळ बसवलेत, ग्लास साखळीला लावलेत. फक्त चालू नाही केली."

"कधी बांधली?"

"एप्रिलमध्ये, सर."

"उन्हाळा गेला की रे बाबा सगळा," भिमाबाई म्हणाली.