बुडख्यावरचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. खिळे ठोकणारा नव्हे, झाडांवर शिक्का मारणारा. लोहाराने माझ्या तोंडावर चांदणी कोरली आणि मला एका लाकूडतोडीच्या ठेकेदाराच्या हाती दिले.

लोकांच्या खासगी जंगलात ठरलेलीच झाडे तोडायची, हे त्याचे काम. अशा झाडावर तो मला दोन ठिकाणी मारी. छातीच्या उंचीवरचा शिक्का ओंडक्याबरोबर जाई, मुळाजवळचा तोडल्यावर उरणाऱ्या बुडख्यावर राही. बिनशिक्क्याचा बुडखा दिसला, तर ती चोरी. ओढ्याकाठच्या झाडांना त्याने मला कधी लावले नाही. ती गेली तर काठ ढासळतो. जंगलमालक त्याची वाखाणणी करीत, तेव्हा मीही सुखावत असे.

त्या शेवटच्या दिवशी तो चढावर सारखा थांबत होता. मागून मुलगी येत होती.

"बाबा, दम लागलाय का?"

"छे. झाडाशी बोलतोय."

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, तुझी मुलगी फार चौकशा करते."

ती हसली. त्याने मला पुन्हा उचलले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठलाच नाही.

पुढे मी शेडमध्ये, करवतीच्या तेलाच्या डब्यांमागे पडून राहिलो. चांदणीवर गंज चढला. एका म्हाताऱ्या मालकीणबाईंच्या जंगलातले काम अर्धेच राहिले होते. एके दिवशी मुकादम मुलीकडे आला.

"ताई, ओढ्याकाठचा माल जाडजूड आहे. मालकीणबाई थकल्या, त्या काही चढून येत नाहीत. कोण बघतंय?"

"त्या येत नाहीत, म्हणूनच आपल्याला बघायला हवं."

"अहो, पण बाबा गेले आता."

"बाबा गेले. ठेका आहे."

तिने मला शोधून काढले, गंज घासला आणि राहिलेल्या झाडांवर शिक्के मारले. ओढ्याकाठी मला खांद्यावरच ठेवले.

मित्रांनो, मी आता थकलो आहे, म्हणून एवढेच सांगतो. जंगल मालकाचे असले, तरी जपायचे तोडणाऱ्याने. पडलेल्या फांद्या उचलाव्यात, ओंडके ओढून पडलेले चर बुजवावेत, ओढा मोकळा ठेवावा. ठेका तेव्हा संपतो.

तोड संपून शेवटचा चर बुजल्यावर माणसे खाली उतरली. मुलगी मागे राहिली. मला मांडीवर घेऊन एका बुडख्यावर बसली आणि मोठ्याने म्हणाली,

"बाबा, तुम्ही फार दमला होतात. मला दिसत होतं. बसा आता. पुढचं मी बघते."