बोटभर जागा

१९७८ साली शिरोलीच्या एका फौंड्रीत ओतकामाचे साचे करणाऱ्या बाबालालच्या पोटात उजवीकडं दुखायला लागलं. आठ महिन्यांचा हिशेब असा: चार डॉक्टर, एक हकीम, खडूसारखं पाणी पाजून काढलेले दोन एक्स-रे फोटो. निघालं काय? काही नाही. शेवटी सर्जन म्हणाले, शुक्रवारी पोट उघडूनच बघू.

तेव्हापासून गडी एका जागी ठरेना. बसला की उठायचा, उठला की दाराशी जाऊन परत यायचा. उघडूनही काही सापडलं नाही तर? हे मात्र कुणाला विचारायची त्याची छाती होईना.

खरं तर दुखत होतं ते रुपयाएवढ्या जागेत, बेंबीच्या चार बोटं उजवीकडं. पहिल्या दिवशी त्यानं फौंड्रीत तसं बोट ठेवून दाखवलंही होतं. भट्टीवरचा आकाराम खो खो हसला. "एवढा दांडगा गडी आणि दुखणं बोटाएवढं? बायकोला फुंकर घालायला सांग की!"

झालं. त्यानंतर कुणीही विचारलं की बाबालाल अख्ख्या पोटावर पंजा फिरवायचा. डॉक्टरांपुढंसुद्धा. मग पंजाभर पोटात कुणी अल्सर शोधला, कुणी खडा, कुणी जंत.

बुधवारी त्याची बायको मेहमुदा त्याला शाहूपुरीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडं घेऊन गेली.

"कुठं दुखतंय?"

पंजा फिरला.

"खोटं सांगत्यात, डॉक्टरसाब," मेहमुदा म्हणाली. "झोपेत एकाच जागी बोट दाबून धरत्यात. मी रोज बघते की."

"गप बस गं!"

"शुक्रवारी कापतील तवा पण गप बसू व्हय?"

डॉक्टरांनी त्याला आडवं केलं. "बोट दाखव. पंजा नको."

बाबालालनं लाजत बोट ठेवलं. डॉक्टरांनी नेमकं तिथंच दाबून धरलं. "आता हात छातीवर बांध आणि नुसतं डोकं उचल."

पोट फळीसारखं ताठ झालं आणि बाबालाल ओरडला, "आयाया! जास्तीच दुखतंय की!"

डॉक्टर खूश. "आतलं दुखणं असतं तर ताठ स्नायूखाली झाकलं गेलं असतं. हे उलट वाढलं. म्हणजे दुखणं पोटाच्या आत नाहीच, भिंतीत आहे. तिथं एक मज्जातंतू चिमटलाय."

त्यांनी त्याच जागी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी बाबालालनं डोकं उचललं. पुन्हा उचललं. सहा वेळा उचललं, तेव्हा डॉक्टरच म्हणाले, "पुरे रे, आता मान दुखेल."

"परत दुखंल का, साहेब?"

"औषध उतरलं की कदाचित दुखेल. मग परत इंजेक्शन देऊ. पण पोट फाडून सापडणारी ही गोष्ट नव्हे. सर्जनना चिठ्ठी देतो."

चिठ्ठी हातात पडताच बाबालाल रस्त्याला लागला, तो जवळजवळ पळतच.

"अवो, घर इकडं हाय!"

"शुक्रवारच्या यादीतनं नाव काढून येऊ."

"उद्या जावा की."

"उद्यापतूर दुखाय लागलं, तर मीच म्हणंन कापा म्हणून. चल, पाय उचल!"